रोपे आणायला एकट्याने जाऊ नका

होळी झाली, पहाटेचा गारवा ओसरू लागला, की गावातल्या नर्सऱ्यांपुढे गर्दी दिसू लागते. हातगाडीवर रोपे मांडून गल्लीबोळांतून हाळी देत फिरणारा माणूसही याच दिवसांत येतो. मोगऱ्याला कळ्या धरू लागलेल्या असतात, पिंपळाची तांबूस पालवी उन्हात चमकत असते आणि घराघरांत कुणीतरी म्हणतेच, "यंदा दोन-चार कुंड्या आणू या." या दोन-चार कुंड्यांविषयी आज लिहावयाचे आहे. विषय बागकामाचा वाटला तरी तो प्रकृतीचा आहे, म्हणूनच या सदरात घेतला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. रोपे जरूर आणावीत, पण ती आणायला एकट्याने जाऊ नये. चौघा-पाच जणांनी मिळून जावे, मिळून निवडावीत, मिळून लावावीत आणि एकमेकांच्या कुंड्यांकडे अधूनमधून डोकावत राहावे. झाडांमुळे शरीराला जो लाभ व्हायचा तो होईलच; पण मित्रमंडळींच्या सोबतीने होणारा लाभ त्याहून कमी नाही. दवाखान्यात बसून मला जे दिसते त्यावरून मी तर म्हणेन, की आजच्या घटकेला आपल्या गावांत या दुसऱ्या लाभाचीच गरज अधिक आहे.

सल्ला दिला जातो, पाळला जात नाही

मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोप न लागणे, अशा तक्रारींवर औषधे लिहून झाली की चिठ्ठीच्या तळाशी आम्ही डॉक्टर मंडळी एक ओळ लिहितो : रोज अर्धा तास चालणे. रुग्ण मान डोलावतो. महिन्याने विचारावे तर उत्तरे ठरलेली असतात. "वेळच मिळाला नाही, डॉक्टर." "एकट्याला कंटाळा येतो." "पहाटे कुत्री मागे लागतात." "बाईमाणसाने एकटीने रस्त्याने काय फिरायचे?" यांतले एकही कारण खोटे नसते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनत झाली ती कामापोटी. विहिरीचे पाणी ओढले, दळण दळले, शेतात निंदणी केली. नुसते चालण्यासाठी चालणे हे पुष्कळांच्या मनाला पटतच नाही, मग पाय कसे उचलणार?

कुंडीतले रोप मात्र काम सांगते. माती कालवा, वाळके पान काढा, झारी भरून आणा, काठी रोवून वेल बांधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी त्याखेरीज स्नायूंना बळ देणारे आणि तोल सांभाळण्यास शिकवणारे व्यायामही करावेत. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी, की ते करताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. बागेतले खणणे, उचलणे, वाकणे, उठणे हे बहुतेक या मापात बसते आणि घड्याळाकडे न पाहता होऊन जाते.

इथवर सर्वांना मान्य होईल. अडचण पुढे आहे. फाल्गुनात हौसेने आणलेल्या रोपांचे काय होते, हे वैशाखात कोणाच्याही गच्चीवर जाऊन पाहावे. काड्या उभ्या असतात आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते. पहिल्या आठवड्यातला उत्साह एकट्या माणसाला तीन महिने पुरत नाही. चालण्याचे जे होते तेच बागेचेही होते. तो उत्साह टिकवायला दुसरे माणूस लागते. रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी "तुमच्या दोडक्याला फूल आले का?" असे विचारणार आहेत, एवढे माहीत असले तरी शनिवारी संध्याकाळी पाणी घातले जाते.

वाग्भटाने वसंतात काय सांगितले?

हे केवळ माझ्या डोक्यातून आलेले नाही. आयुर्वेदातील 'अष्टांगहृदय' हा वाग्भटाचा ग्रंथ सुमारे सातव्या शतकातला मानतात. त्याच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. वाग्भट म्हणतो, की थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि जठराग्नी मंद करतो. म्हणून या ऋतूत जड, आंबट, गोड, स्निग्ध पदार्थ आणि दुपारची झोप टाळावी, व्यायाम करावा. एवढे सांगून तो थांबत नाही. दुपारची वेळ कशी घालवावी हेही सांगतो : तऱ्हेतऱ्हेच्या फुलझाडांनी भरलेल्या, सुगंधी, गार उपवनांत, मनोरंजक गप्पागोष्टी करत.

यातल्या गप्पागोष्टींना मी फार महत्त्व देतो. हा कवी नव्हे, वैद्य बोलतो आहे. काय खावे, काय टाळावे या यादीतच त्याने झाडे आणि माणसे दोन्ही घातली आहेत. व्यायामाविषयीही त्याचे माप नीट आहे. थंडीत व वसंतात धडधाकट माणसाने आपल्या शक्तीच्या निम्म्याने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. म्हणजे हौसेपायी पहिल्याच रविवारी वीस कुंड्या भरून सोमवारी कंबर धरून बसावे, हे वाग्भटालाही मंजूर नाही. सोबत माणसे असली की हे माप आपोआप सांभाळले जाते. गप्पा मारताना दम लागून वाक्य तुटू लागले, तर समजावे की थांबण्याची वेळ झाली.

आजचे संशोधन

आधुनिक वैद्यकाने याच दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या आहेत. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. तेवीस जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तेवीस जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली.

माणसांच्या सोबतीविषयीचा मोठा आढावा २०१० साली आला. १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसे त्यात होती. ज्यांचे नातेसंबंध, स्नेहसंबंध बळकट होते त्यांची जगण्याची शक्यता, अभ्यासाच्या काळात, इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. धूम्रपान सोडण्याने होणाऱ्या लाभाच्या पंक्तीत बसेल इतका हा परिणाम आहे, असे संशोधकांनी नमूद केले. सिगारेट सोडा असे आम्ही प्रत्येक रुग्णाला सांगतो. मित्र जोडा, असे किती डॉक्टर सांगतात? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र आयोग नेमला, तेव्हा कुठे या गोष्टीकडे लक्ष जाऊ लागले आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते, हे अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहरात पाहिले गेले. बागकाम न करणाऱ्या २९१ प्रौढांपैकी निम्म्यांना सामाईक बागेत वाफा दिला, उरलेल्यांना पुढच्या वर्षीसाठी थांबायला सांगितले. २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की वाफा मिळालेल्यांच्या आहारातले तंतुमय पदार्थ वाढले, हालचाल दिवसाला सरासरी पाच-सहा मिनिटांनी वाढली आणि मनावरचा ताण व चिंता कमी झाली. हे आकडे डोळे दिपवणारे नाहीत, हे मुद्दाम सांगतो. बागकामाने मधुमेह बरा होत नाही आणि रक्तदाबाची गोळी बंद होत नाही. तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण थोडे थोडे चांगले, रोज, अनेक वर्षे, हीच तर प्रकृतीची खरी कमाई असते.

आमचा गट

आमच्या वसाहतीत असा एक गट आहे. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, एक शिक्षिका, एक किराणा दुकानदार, बाळंतपणानंतर नोकरी सोडून घरी असलेली एक तरुण सूनबाई, तिच्या सासूबाई आणि मी. माघात वसंत पंचमीच्या सुमारास पहिली फेरी होते आणि गुढीपाडव्याच्या आतबाहेर दुसरी. सकाळी सातला निघायचे, नर्सरीच्या मागच्या टपरीवर चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचे.

गटाचा एकच नियम आहे : दोघांनी एकच रोप विकत घ्यायचे नाही. एकाने मोगरा घेतला तर दुसऱ्याने जास्वंद, तिसऱ्याने पानओवा, चौथ्याने गवती चहा. मग पावसाळ्यात फांद्या लावायच्या, गवती चहाचे फुटवे काढायचे, कोरफडीची पिल्ले वाटायची. सहा जणांनी सहा रोपे घेतली की वर्षभरात प्रत्येकाकडे सहाही होतात. खर्च एका रोपाचा, आणि देण्याघेण्यासाठी एकमेकांच्या दारात जाणे पाच वेळा. माझ्या मते खरी कमाई त्या पाच वेळा जाण्याची आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. पोस्टातले काका एकटेच राहतात. मुले पुण्याला. मधुमेहासाठी गोळ्या चालू आहेत. एका सकाळी सूनबाई पुदिन्याची काडी मागायला त्यांच्याकडे गेली. दार उघडे होते, काका खुर्चीत बसून असंबद्ध बोलत होते, अंगाला दरदरून घाम. रात्री जेवण नीट झाले नव्हते आणि सकाळची गोळी मात्र वेळेवर घेतली होती. गटात आम्ही हे बोललेलो असल्यामुळे तिने गोंधळून न जाता, घोट गिळता येतो आहे हे पाहून, साखरेचे पाणी पाजले आणि मला फोन केला. मी पोहोचेपर्यंत काका शुद्धीवर येऊन तिला पुदिना कुठला तोडायचा ते सांगत होते. रक्तातली साखर फार खाली गेली आणि जवळ कोणी नसले तर काय होते, हे मी या धंद्यात पाहिले आहे. त्या दिवशी काका वाचले ते कुणीतरी पुदिना मागायला आले म्हणून.

आपल्या प्रत्येक गल्लीत आज असे एक तरी घर आहे. मुले शिकून शहरात गेली, मागे एक किंवा दोन म्हातारी माणसे राहिली. मोबाइलवर रोज बोलणे होते, ते चांगलेच. पण मोबाइलमधून घाम दिसत नाही. आणि एकाकीपणा म्हाताऱ्यांपुरताच नाही. भरल्या घरात दिवसभर तान्ह्या मुलाबरोबर असलेली तरुण आईही आतून एकटी असू शकते. तिला 'मन मोकळे करा' म्हणून सांगितले तर ती गप्प बसते. कुंडीत माती भरता भरता तीच बाई अर्धा तास बोलते, कारण तेव्हा हात गुंतलेले असतात आणि नजर खाली असते.

खरेदीला जाताना

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या हवेत मोठी झाडे लावण्याचा खरा हंगाम मृगाचा. आंबा, चिकू, पेरू, नारळ यांची रोपे पावसाच्या तोंडावर घ्यावीत. कलमे शक्यतो कृषी विद्यापीठांच्या किंवा सरकारमान्य रोपवाटिकांतून घ्यावीत. वसंतात कुंड्या आणि वेल यांचे पाहावे. मोगरा, जास्वंद, तुळस, कढीपत्ता, पुदिना ही कुंडीतली रोपे. दोडका, कारले, काकडी, भेंडी, गवार या उन्हाळी भाज्यांचे बी. बी कृषी सेवा केंद्रातून घेतले तर बहुधा रंगीत असते. तो रंग औषध चोळल्याची खूण आहे. असे बी मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

रोप उंचीवर भाळून घेऊ नये. बुटके, फुटवे फुटलेले, पाने टवटवीत असलेले घ्यावे. पान उलटे करून पाहावे. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला तर ते रोप जागच्या जागी ठेवावे. पिशवीच्या खालून मुळांचे जाळे बाहेर आलेले असेल तर रोप पिशवीत फार दिवस राहिले आहे असे समजावे. येथेही चार डोळे बरे पडतात. एकट्याला भुरळ पडते, बरोबरचा माणूस पान उलटून पाहतो. घरी आणल्यावर चार-पाच दिवस सावलीत ठेवावे आणि मग संध्याकाळच्या वेळी कुंडीत लावावे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मोगऱ्याचे किंवा तुळशीचे छोटे रोप वाण म्हणून द्यावे, अशी माझी भगिनींना सूचना आहे. स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे घरात पुष्कळ झाले. रोप दिले की "जगले का?" हे विचारायला पुन्हा जाता येते. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलभाज्यांचे बी लावण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती चार घरांनी मिळून पाळली तर अधिक बरे.

प्रकृतीला जपून

डॉक्टर या नात्याने काही सूचना सांगणे भाग आहे.

उन्हाची वेळ टाळावी. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर काम करावे. हृदयविकार असलेल्यांनी मातीने भरलेली कुंडी उचलू नये. कुंडी सरकवायला दोघे लागतात आणि त्यासाठीच तर गट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी उकिडवे बसू नये. विटांच्या थरावर किंवा जुन्या बाकावर कुंड्या ठेवल्या तर खुर्चीत बसून काम होते. मधुमेही माणसाने मातीत अनवाणी जाऊ नये, कारण पायाची संवेदना कमी असेल तर काटा रुतलेला कळत नाही आणि कळतो तेव्हा जखम चिघळलेली असते.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर पुन्हा घेऊन ठेवावी. खुरपे लागल्यावर वर हळद दाबून गप्प बसू नये. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि दवाखान्यात दाखवावी.

कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नये. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही काही महिने टिकतात. म्हणून बशी नुसती ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा घासली पाहिजे. पाण्यात काचेच्या बाटलीत वेल ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. आमच्या गटात रविवारी एकमेकांच्या बशा तपासतो. दुसऱ्याच्या बशीतल्या अळ्या लवकर दिसतात!

घरात लहान मूल असेल तर पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा आणि शोभेची डिफनबेकिया यांपासून दूर राहावे. बिट्टीची बी हृदयाला घातक आहे. कीड दिसली म्हणून शेतीची जहाल औषधे गच्चीवर आणू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. चार कुंड्यांसाठी ती बाटली घरात कशाला? मावा पाण्याच्या जोरदार धारेने आणि साबणाच्या पातळ पाण्याने आटोक्यात येतो. निंबोळी अर्कही पुरतो. तसेच दारात गुळवेल चढली म्हणून रोज मनाने काढा पिऊ नये. करोनाच्या काळात असा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

पाणी कुठून आणायचे?

हा लेख वाचून काही वाचक रागावतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, टँकरमागे घागरी घेऊन धावावे लागते, तिथे मोगऱ्याचे कौतुक कोणी करावे? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. प्यायच्या पाण्यावर बाग करावी असे मी कधीच म्हणणार नाही.

पण तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी कुठल्याही घरात रोज निघते. ते बादलीत धरले तर चार-पाच कुंड्या निघतात. मातीवर पालापाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा थर दिला की ओल टिकते. कुंड्या एकमेकींना लावून, दुपारच्या सावलीत ठेवल्या की पाणी कमी लागते. आणि टंचाई असेल तर चारच कुंड्या ठेवाव्यात. चार घरांनी मिळून चार ठेवल्या तरी माझ्या औषधाचा गुण येतो, कारण त्यातला अर्धा गुण माणसांचा आहे.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि थोड्या जागेत, थोड्या पाण्यात, घरच्या काडीकचऱ्यातून काय पिकवता येते हे लोकांना प्रयोगाने पाहायला शिकवले. त्यांच्या या कामात द्राक्ष बागायतदार होते, तसे गच्चीवर भाजी लावणारे शहरी लोकही होते. त्यांनी त्याला संस्था न म्हणता परिवार म्हटले, हे मला फार बोलके वाटते. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला सांगायचा, त्याचा आपण करून पाहायचा. वसाहतीतल्या पाच घरांना एवढे जमायला हरकत नाही.

नगरपालिकेला एक विनंती

ज्यांना अंगण नाही, गच्ची घरमालकाच्या कुलपात आहे, त्यांनी काय करावे? आपल्या गावातल्या नव्या वसाहतींच्या नकाशांवर खुली जागा दाखवलेली असते. प्रत्यक्षात तिथे काय आहे ते आपण रोज पाहतो : गाजरगवत, बांधकामाचा राडारोडा आणि डुकरे. हेच गाजरगवत अंगाला खाज आणि छातीला दमा देते. नगरपालिकेला माझी विनंती आहे, की ती जागा बगीचा म्हणून सुशोभित करून कुलूप लावण्यापेक्षा तिचे लहान वाफे पाडून, पाण्याचा एक नळ देऊन, आसपासच्या कुटुंबांना वर्षाच्या बोलीने वापरायला द्यावेत. पहिला हक्क एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा आणि विधवा भगिनींचा असावा. कारंजे आणि सिमेंटचे हत्ती यांच्या खर्चाच्या मानाने हा खर्च काहीच नाही. व्यायामाची लोखंडी यंत्रे पुष्कळ ठिकाणी बसवली. त्यांतली किती चालू आहेत आणि किती जण त्यांवर बसून मोबाइल पाहतात, हे सदस्यांनी एकदा जाऊन पाहावे.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. येत्या रविवारी नर्सरीत जाण्याचा विचार असेल, तर आज संध्याकाळीच शेजारच्या दोन दारांवर टकटक करा. त्यांतले एक दार असे निवडा, की ज्या घरातले माणूस हल्ली फारसे बाहेर दिसत नाही. "आम्ही रोपे आणायला निघालोय, येता का?" इतकेच विचारायचे. पहिल्यांदा नाही म्हणतील. मग परत येताना त्यांच्यासाठी एक तुळशीचे रोप आणा, आणि पुढच्या रविवारी ते कसे आहे हे विचारायला जा.